गोव्यात बसून चीन-जपान-कोरियाचा अभ्यास: ग्रंथालयांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.चा प्रबंध, पीएच.डी.चा प्रस्ताव किंवा निव्वळ हौस. कारण काहीही असो, पूर्व आशियाकडे वळलेली गोव्यातली मुलं साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. मी पोर्तुगीज कागद वाचता वाचता जपानपर्यंत पोचलेला माणूस आहे. त्यामुळे उत्तरांचा कल थोडा त्या बाजूला झुकलेला दिसेल. तो मी लपवत नाही.

पूर्व आशियावर गोव्यात काय मिळणार? दिल्लीलाच जावं लागेल ना?

आधुनिक चीनची अर्थव्यवस्था किंवा कोरियन सिनेमा हा विषय असेल, तर हो, गोव्यातल्या कपाटांत फारसं हाती लागणार नाही. पण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातला कुठलाही विषय असेल तर गाडीचं तिकीट काढण्याआधी पणजीत फिरा. मकाव, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत, १८४४ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होतं. म्हणजे मकावच्या गव्हर्नरला काही विचारायचं असलं की पत्र गोव्याला यायचं, आणि उत्तर इथून जायचं. तो पत्रव्यवहार गोव्याच्या पुराभिलेखागारात 'मकाव पत्रव्यवहार' अशा वेगळ्या मालिकेतच लावलेला आहे. या दफ्तराची स्थापना १५९५ ची, आणि दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला दफ्तरदार. मान्सूनच्या वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, म्हणजे 'लिव्रुश दश मोंसोंइश', त्यातही चीन आणि जपानचे उल्लेख विखुरलेले आहेत. त्यातले ६२ खंड अठराव्या शतकात लिस्बनला गेले. ते तिथल्या तोर्रे दु तोंबु या दफ्तरात आहेत, आणि त्यांतला बराच भाग छापूनही झाला आहे. बाकीचे इथेच आहेत.

पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्याची मुळं १८३२ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. जुनी पोर्तुगीज पुस्तकं आणि नियतकालिकं पाहायची तर इथे. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. पिसुर्लेकर गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते, आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवरच्या त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला परके नाहीत. त्यांनी १९५५ मध्ये या दफ्तरखान्याची मार्गदर्शिका पोर्तुगीजमध्ये काढली, 'रोतैरु' या नावाने. ती न पाहता पुराभिलेखागारात गेलात तर पहिला आठवडा वाया जातो. माझा गेला होता.

आणि पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च. जेझुइट पाद्रींनी १९७९ मध्ये सुरू केलेली ही संस्था मिशनरी इतिहासासाठी तर उपयोगी आहेच. पण मला तिचं खरं कौतुक आहे ते म्हामाय कामत घराण्याच्या कागदांमुळे. पणजीच्या या व्यापारी घराण्याची दफ्तरं या केंद्राकडे सोपवली गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू दमणमार्गे मकावला जायची. अशा व्यापाराचा माग ज्याला काढायचा आहे त्याने हे कागद बघावेत. त्यांत पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजीबरोबर मराठीही आहे, तीही मोडीत. मोडी वाचता येणाऱ्या मराठी मुलाला चीनच्या व्यापारावर काम करताना परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा एक गोष्ट जास्त येते. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

विषय ठरलाय. पहिलं काम काय करू?

वही घ्या. दोनशे पानी, साधी. तिला मी 'नावांची वही' म्हणतो. तुमच्या विषयातली प्रत्येक व्यक्ती, गाव, ग्रंथ, घराणं यांच्यासाठी एक पान. त्या पानावर त्या नावाची जितकी रूपं सापडतील तितकी लिहीत जायची: मूळ लिपीतलं, जुनं रोमन, नवं रोमन, पोर्तुगीज, मराठी.

'पुस्तक नाही मिळालं' असं जेव्हा कुणी मला सांगतं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा पुस्तक तिथेच असतं. शोधणाऱ्याने ते भलत्या नावाने शोधलेलं असतं.

एकाच माणसाची चार स्पेलिंगं कशी? खरं कुठलं धरायचं?

गोव्याच्या माणसाला हा प्रश्न पडू नये. आपण म्हणतो साखळी, नकाशावर सांकेलीम. आपण म्हणतो डिचोली, पाटीवर बिचोली. पेडण्याचं पेर्नेम, केप्याचं क्वेपेम. गावं तीच. आता कुणी गोव्याबाहेरचा मुलगा 'डिचोली' असं रोमनमध्ये टाकून सरकारी यादीत शोधायला लागला तर त्याला काय मिळेल? चीनचंही तसंच झालंय.

चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहायची जुनी पद्धत वेड-जाइल्स, नवी पिनयिन. पिनयिन चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली सूची पिनयिनमध्ये आणली ती २००० साली. म्हणजे त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या पानांवर, तळटीपांत, भारतीय ग्रंथालयांच्या जुन्या कार्डांवर बऱ्याचदा वेड-जाइल्स असणार. आपल्या वर्तमानपत्रांत आधी 'माओ त्से तुंग' आणि 'पेकिंग' यायचं, नंतर 'माओ झेडाँग' आणि 'बेईजिंग' आलं, त्यामागे हेच कारण. जुन्या कार्डात 'त्से-तुंग' शोधा, नव्या संगणकीय सूचीत 'झेडाँग'.

वेड-जाइल्समध्ये एक आणखी भानगड आहे. आपल्या च आणि छ मधला फरक ती पद्धत अक्षरावरच्या एका टिंबासारख्या चिन्हाने दाखवते. संगणकात कार्डं भरताना ते चिन्ह बहुधा गळतं. मग च आणि छ एक होतात आणि दोन वेगळी घराणी एकाच खात्यात जमा होतात. सूचीत काही विचित्र दिसलं तर आधी या टिंबावर संशय घ्या.

पिनयिन वाचताना मात्र गोव्याची पोरं पुढे आहेत, असं माझं मत आहे. पिनयिनमधला 'एक्स' म्हणजे साधारण आपला 'श'. शी जिनपिंग यांच्या नावाचं पहिलं अक्षर 'एक्स' आहे. मुंबईचा मुलगा तिथे अडखळतो. गोव्यात मात्र 'शंकर' हे नाव एक्सने सुरू होताना आजोबांच्या जन्मदाखल्यावर पाहिलेलं असतं. 'क्यू' म्हणजे साधारण 'छ', म्हणून शेवटच्या राजघराण्याचं नाव छिंग. 'सी' म्हणजे 'त्स'. एवढं पाठ करा, बाकी हळूहळू जमतं.

कोरियन नावांचा घोळ वेगळा. दक्षिण कोरियाने २००० मध्ये नवी रोमन पद्धत आणली, पण अमेरिकी ग्रंथालयांच्या सूच्या १९३९ च्या मॅक्यून-रायशाउअर पद्धतीवरच राहिल्या. त्यामुळे बुसान आणि पुसान, जोसन आणि चोसन, दोन्ही शोधावे लागतात. जपानीला हेपबर्न पद्धत पुरते. लांब स्वरावरची आडवी रेघ कधी देतात कधी नाही, एवढंच लक्षात ठेवा.

जुन्या पोर्तुगीज कागदांत जपानी नावं ओळखताच येत नाहीत. काय करावं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

सोळाव्या शतकातल्या पाद्रींनी जे ऐकलं ते पोर्तुगीज कानांनी लिहिलं. नागासाकीचं 'नांगासाकी', कागोशिमाचं 'कांगोशिमा', नोबुनागाचं 'नोबुनांगा'. जपानी 'ग' त्यांना नाकातून ऐकू आला, म्हणून मध्ये एक अनुनासिक घुसला. क्योतोला ते 'मेयाको' म्हणत, कारण जपानी माणूस तेव्हा राजधानीला 'मियाको' म्हणायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानवर सत्ता गाजवणाऱ्या हिदेयोशीचं नाव शोधत बसाल तर मिळणार नाही. तो 'क्वांबाकुदोनो' किंवा 'ताइकोसामा' म्हणून येतो. ती नावं नाहीत, पदव्या आहेत. आपल्याकडच्या जुन्या कागदांत 'पंतप्रधान' लिहिलेलं असतं आणि कुठला पेशवा ते तारखेवरून ओळखायचं, त्यातलाच प्रकार.

सगळ्यात मजा 'ह' ची. हिरादो बेटाला हे लोक 'फिरांदो' लिहितात, हाकाताला 'फाकाता', हिझेनला 'फिजेन'. सुरुवातीला मला वाटलं, पाद्रींचा कान कच्चा. तसं नाही. त्या काळी जपानी माणूस 'ह' ओठांतून, 'फ' च्या जवळ उच्चारायचा. चूक आपली आहे, आपण आजचा उच्चार तेव्हाच्या कागदाला लावतो. फिरांदो एका जुन्या नकाशात शोधण्यात मी दोन दुपारी घालवल्या. ते हिरादो आहे हे कळलं तेव्हा स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

याचं एक गोव्याशी जोडलेलं उदाहरण देतो. १५८२ मध्ये चार जपानी किशोर युरोपच्या दूतमंडळावर निघाले. जाताना ते गोव्यात थांबले आणि परतताना १५८७ मध्ये पुन्हा आले. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यूने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आपल्याकडे आला हे शाळेत सगळे शिकतात. त्यानंतर जेमतेम बत्तीस वर्षांनी एका जपानी मुलाचं भाषण इथे छापून निघालं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते मुद्रित सूचीत शोधायचं तर 'हारा' नको, 'फारा' टाका. मुखपृष्ठावर तेच आहे.

मदतीला एक जबरदस्त साधन आहे: १६०३-०४ मध्ये नागासाकीला जेझुइटांनी छापलेला जपानी-पोर्तुगीज शब्दकोश. सुमारे ३२,००० नोंदींचा. त्यात जपानी शब्द त्या काळच्या पोर्तुगीज स्पेलिंगने दिले आहेत, म्हणजे तुमच्या कागदातलं स्पेलिंग थेट तिथे बघता येतं.

सेंट फ्रान्सिस झेवियरवर काम करायचंय. साहित्य जास्त झालंय, कमी नाही. कुठून कापू?

गोंयच्या सायबावर लिहिलेल्यांत भक्तिपर पुस्तकं जास्त. ती बाजूला ठेवा (टाकू नका, एकोणिसाव्या शतकातली भक्ती हाही विषय होऊ शकतो). पूर्व आशियाच्या बाजूने जायचं तर आंजिरोला धरा. हा कागोशिमाचा जपानी माणूस. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्याच्याशी बोलूनच जपानला जायचं झेवियरचं मन पक्कं झालं. दोघं १५४९ च्या एप्रिलमध्ये इथून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला पोचले. आंजिरोचं नाव कागदात 'पाउलु द सांता फे' असं येतं. नावांच्या वहीत नोंद करा.

त्याच कॉलेजात लुईश फ्रोइश शिकला. त्याने पुढे जपानचा मोठा इतिहास लिहिला. इटालियन जेझुइट मात्तेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, नंतर चीनला गेला. गोव्यातून पूर्वेकडे गेलेल्या पाद्रींची अशी यादी केली तर एक प्रबंध होतो, आणि तो अजून मराठीत कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

चिनी किंवा जपानी येत नाही. काम अडेल का?

अडेल. गोड बोलून उपयोग नाही. पण किती अडेल हे विषयावर आहे. मकाव-गोवा संबंधांना पोर्तुगीज आधी लागते, चिनी नंतर. सेंट पॉल कॉलेजातल्या जपान्यांवर काम करायचं तर पोर्तुगीज आणि थोडी लॅटिन. मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ ते १९१२ मधल्या, जपानवर लिहायचं आणि जपानी वाचता येत नाही, हे मात्र विठोबावर लिहायचं पण अभंग वाचायचे नाहीत, असं झालं.

मूळ लिपीत नाव शोधता येईल एवढं तरी शिका. ते महिन्याभरात जमतं. चिनीची सोपी आणि पारंपरिक अशी दोन रूपं, आणि जपान्यांनी सोपं केलेलं तिसरं. 'ड्रॅगन' हा एकच शब्द तिन्हीकडे वेगवेगळा लिहितात. तैवानची पुस्तकं पारंपरिकमध्ये, चीनची सोप्यामध्ये. काही सूच्या एकातून दुसऱ्याकडे आपोआप नेतात, काही नेत नाहीत. वहीत तिन्ही उतरवून ठेवा.

पुस्तकावरचं वर्षच जुळत नाही. शोवा १२ म्हणजे काय?

१९३७. जपानी पुस्तकांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. आपण शके पाहिलं की मनातल्या मनात ७८ मिळवतो ना, तेच इथे. मेइजीत १८६७ मिळवा, तैशोत १९११, शोवात १९२५, हेइसेइत १९८८, रेइवात २०१८. तैवानच्या पुस्तकांवर 'मिन्गुओ' वर्ष असेल तर १९११. म्हणजे तैशो आणि मिन्गुओ एकच आकडा, लक्षात ठेवायला सोपं.

एकदा एका लेखाची प्रत मागवताना मी शोवाचं वर्ष तसंच इसवी सनासारखं लिहिलं. समोरून आलेलं उत्तर फार सभ्य होतं.

घरबसल्या विनामूल्य काय मिळतं?

जपान यात सगळ्यांत उदार. लेख, प्रबंध, विद्यापीठांतली पुस्तकं कुठे आहेत हे शोधायला 'साइनी'. शास्त्रीय आणि मानव्यविद्येची अनेक नियतकालिकं संपूर्ण वाचायला 'जे-स्टेज'. राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जुनी पुस्तकं पानापानाने बघता येतात. काही मात्र जपानमध्ये असलेल्यांनाच उघडतात, त्यामुळे पान उघडलं नाही म्हणून तुमच्या इंटरनेटला दोष देऊ नका. आणि एक रत्न: जपान सेंटर फॉर एशियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स. परराष्ट्र खातं, लष्कर आणि नौदलाचे मूळ कागद २००१ पासून इथे उघडे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या पोर्तुगीज तिमोर आणि मकावच्या स्थितीवर जपानी बाजूने बघायचं तर इथून सुरू करा.

प्राचीन चिनी ग्रंथांसाठी 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट', मूळ पाठ आणि काहींचं इंग्रजी भाषांतर समोरासमोर. आधुनिक लेखांसाठी 'सीएनकेआय' सर्वांत मोठं, पण ते पैशांचं आहे, आणि २०२३ पासून त्यातल्या प्रबंधांसारख्या काही विभागांवर परदेशी वाचकांना बंधनं आली. वायव्य चीनमधल्या तुन्हुआंगच्या गुहांतल्या हस्तलिखितांसाठी आंतरराष्ट्रीय तुन्हुआंग प्रकल्प. इ.स. ८६८ चं छापील वज्रसूत्र (बौद्ध ग्रंथ) त्यांतलंच. मकावच्या चिनी बाजूसाठी लिस्बनमध्ये असलेली 'शापाश सिनिकाश' कागदपत्रं, म्हणजे चिनी आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांमधला पत्रव्यवहार. युनेस्कोने ती २०१७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत घेतली.

कोरियासाठी लेख-प्रबंध शोधायला 'रिस' आणि जोसन राजवंशाची बखर. बखर म्हणजे आपल्या बखरींसारखी नव्हे. दरबारी इतिहासकार राजाच्या मृत्यूनंतर ती लिहायचे आणि राजालाही ती वाचायची मुभा नसे. मूळ पाठ आणि कोरियन भाषांतर दोन्ही जाळ्यावर खुले आहेत.

पोर्तुगीज बाजूसाठी 'इंटरनेट आर्काइव्ह'. पोर्तुगीज इतिहासकार कुन्या रिव्हाराने नव्या गोव्यात, म्हणजे पणजीत, एकोणिसाव्या शतकात छापलेले दस्तऐवजांचे खंड तिथे मिळतात. पाटोला जाऊन मूळ खंड हाती घेण्याचा आनंद वेगळा, पण रात्री अकरा वाजता एक तारीख तपासायची असली तर हेच बरं.

लेखाला पैसे मागतात. विद्यार्थ्याने काय करायचं?

सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात असाल तर आधी ग्रंथालयात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' बद्दल विचारा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात येतात, आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस यांची पूर्व आशियावरची चांगली नियतकालिकं त्यात बसतात. मुलांना हे माहीतच नसतं, आणि ती एकेका लेखासाठी मित्रांना त्रास देत बसतात.

जेस्टोरवर स्वतःच्या नावाने नोंदणी केली की काही लेख पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. भारतातले प्रबंध 'शोधगंगा'वर. आणि लेखकाला सरळ ईमेल करा. जपानी प्राध्यापक उत्तर देतात, बहुधा दुसऱ्याच दिवशी. ईमेलात आडनावानंतर 'सेन्सेइ' (म्हणजे 'सर') लावा, नुसतं पहिलं नाव लिहू नका. आपण तरी अनोळखी सरांना एकेरी हाक मारतो का?

बौद्ध धर्म हा विषय आहे. गोव्यातून काही धागा सापडेल?

धागा सांकवाळहून निघतो. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये तिथे जन्मले. घर सोडून ते पाली शिकायला सिलोनपर्यंत गेले, नंतर हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं, मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवलं. तिथले त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट. बापटांनी पुढे काय केलं पाहा: विसुद्धिमग्गाशी मिळताजुळता 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात टिकला होता. त्या दोघांची तुलना बापटांनी १९३७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९७० मध्ये हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर त्यांनी विनयावरच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांवरच्या, एका चिनी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलं. म्हणजे मराठी माणसाने मूळ चिनीतून केलेलं काम शोधायला लांब जायला नको.

पण ते पुस्तक सूचीत सापडेल का? नाव वेड-जाइल्समध्ये आहे, 'शान-चिएन-पि-पो-शा', मध्ये जोडरेघा आणि ती टिंबं. पिनयिनने शोधलंत तर हातात शून्य. इथे एक युक्ती आहे. चिनी बौद्ध ग्रंथांना जपानमध्ये १९२४ ते १९३४ दरम्यान छापलेल्या तैशो आवृत्तीचे क्रमांक आहेत. विमुत्तिमग्गाचा क्रमांक १६४८, या विनयग्रंथाचा १४६२. स्पेलिंग बदलतं, क्रमांक बदलत नाही. टोकियो विद्यापीठाचा 'सॅट' आणि तैवानचा 'सीबीटा' हे दोन्ही पाठसंग्रह विनामूल्य आहेत आणि क्रमांकावरून ग्रंथ उघडतात. वहीत क्रमांकासाठी वेगळा रकाना ठेवा.

मराठी नावं चिनी साहित्यात शोधायची कशी?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण 'कोटणीस' असं रोमनमध्ये टाकून चिनी सूचीत काही येत नाही. तिथे ते 'के दिहुआ' आहेत (पिनयिनची अक्षरं तशी आहेत, उच्चार निराळा). ज्या परदेशी माणसाने चीनमध्ये काम केलं त्याला बहुधा चिनी नाव मिळालेलं असतं. ते आधी काढा. रिचीलाही होतं.

गोव्याबाहेर जायचंच असेल तर कुठे?

पुण्यात भांडारकर. मुंबईत टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, १८०४ ची. जुनी प्रवासवर्णनं तिथे बघावीत. दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठाचे पूर्व आशिया विभाग, जपान फाउंडेशनचं ग्रंथालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरून बघता येतं, तिबेट आणि चीन सीमेच्या ब्रिटिशकालीन फायली आधी तिथे चाळा, मगच तिकीट काढा. चिनी पुस्तकांचा खरा जुना संग्रह हवा तर शांतिनिकेतनचं चीना भवन, १९३७ चं.

पुराभिलेखागारात जाताना काय काय न्यायचं?

ओळखपत्र, मार्गदर्शकाचं पत्र, पेन्सिल. पेन बॅगेतच राहू दे, शाईचा एक थेंब चारशे वर्षांच्या कागदावर पडला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. फोटोंचे नियम आणि शुल्क दारातच विचारा, आधीच्या वर्षी कुणी काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका. सुट्ट्या बघा: चवथीला दोन दिवस, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, आणि ३ डिसेंबरचं सायबाचं फेस्त. झेवियरवर काम करणारा एक विद्यार्थी नेमका ३ डिसेंबरला मडगावहून बस धरून आला होता. ज्याच्यावर प्रबंध, त्याच्याच सुट्टीचा विसर.

जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. दमटपणाने कागद चिकटतात, शाई पसरलेली असते, आणि जी पानं हाताळण्याजोगी नसतात ती देत नाहीत. ते बरोबरच आहे.

एआयला विचारून संदर्भ घेतले तर?

भाषांतराचा पहिला अंदाज घ्यायला ठीक. संदर्भांसाठी नको. एका मुलीने मला अशी यादी आणून दाखवली. सहा पुस्तकं, लेखक-वर्ष-प्रकाशक सगळं नीटनेटकं, त्यातली चार कुठल्याच सूचीत नव्हती. दोन दिवस तिने ती शोधली होती. जे पुस्तक साइनी, वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र सूची) आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिन्हीकडे सापडत नाही, ते बहुधा नाहीच. अर्थात, 'फारा' ऐवजी 'हारा' टाकलं नसेल तर.

ग्रंथपालांना नेमकं काय विचारू? ते म्हणतात 'विषय सांगा', आणि मी सांगितलं की 'यावर काही नाही' म्हणतात.

'जपानवर काही आहे का?' असं विचारलंत तर ते 'नाही' म्हणणार, कारण कपाटावर 'जपान' अशी पाटी नसते. त्याऐवजी विचारा: १९०४ नंतरचं 'ओ ओरिएंति पोर्तुगेझ' हे नियतकालिक कुठे आहे? मकाव पत्रव्यवहाराची सूची बघायला मिळेल का? पिसुर्लेकरांच्या संग्रहाची यादी वेगळी आहे का? असा नेमका प्रश्न आला की समोरचा माणूस खुर्चीतून उठतो. आणि नावांची वही उघडी करून समोर ठेवा. माझ्या वहीतली जपानमधल्या 'शिमाबारा' या गावाची दोन रूपं मला ग्रंथालयातल्या एका निवृत्तीला आलेल्या मदतनीसानेच भरून दिली. त्यांना जपानी येत नव्हतं, पोर्तुगीज हस्ताक्षर मात्र माझ्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं.